हलिमाची खोली

हलिमा, अस्सलाम आलेकुम. तुझा गुडघा कसा आहे? युनूसमियाँचा दमा उतरला का? सुनेचं बाळंतपण नीट झालं ना? मृत्युपत्रात कुणी हालहवाल विचारत नाही, असं माझा साक्षीदार देवराम म्हणतो. पण हा कागद आधी तुझ्याकडे नामपूरला येणार आहे. बहिणीला नीट न विचारता कागद करायचा गाढवपणा एकदा झाला, तेवढा पुरे.

आता बिस्मिल्ला.

मी, गुलाब चांदभाई पिंजारी, वय अदमासे बहात्तर, धंदा गाद्या भरणे, राहणार घोटी, जिल्हा नाशिक. माझं डोकं ठिकाणावर आहे. यावर माझी बायको जैबुन हिची हरकत आहे, ती मी ऐकून घेतली. कुणाच्या दबावाशिवाय लिहून ठेवतो की:

१) आमचं घर वडिलांचं. सारख्या तीन खोल्या. वडील गेले तेव्हा वारस आम्ही दोघंच, मी आणि धाकटी बहीण हलिमा. गावाच्या रीतीने मी तिला हिरवं लुगडं घेतलं आणि हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतला. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. मलाही तसंच वाटलं.

साठीनंतर मी अल्लाहच्या कलामाचा मराठी तर्जुमा बोट ठेवून वाचायला शिकलो. एका दुपारी जैबुनला वाचून दाखवताना वाटण्यांचा हुकूम आला: मुलाला दोन हिस्से, मुलीला एक. जैबुन तांदूळ निवडत होती. म्हणाली, "परत वाचा." परत वाचलं. "मग हलिमाची खोली कुठंय?"

मी म्हणालो, "तिनं खुशीनं सोडली."

"खुशीनं? लुगडं पोचायच्या आधीच अंगठा लावून घेतलावता तुम्ही!"

चार दिवस नमाजात मन लागेना. पाचव्या दिवशी ठरवलं, खोली द्यायची. त्या दुपारी सजद्यात कपाळ टेकलं ते उचलावंसंच वाटेना. जन्नतचं जन्नतमध्ये बघू, पण हुकूम मानला की इथंच अशी मजुरी हातावर पडते, रोकडी. गाठी पडलेला कापूस पिंजल्यावर फुलतो ना, तसं झालं आतून.

म्हणून मागची खोली, मोरीसकट, हलिमाची. ही माझी देणगी नव्हे. तिचीच होती, मी वापरली.

२) उरलेल्या दोन खोल्यांत जैबुन, मुलगा सलीम आणि मुलगी रुबिना यांचे वाटे वरूनच ठरून आलेत, मी मध्ये बोलत नाही. सलीम, रुबिनाला लुगडं जरूर घे. कागद पुढे करू नकोस.

३) वारस सोडून इतरांना मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत देता येतं, त्यातून: गादीच्या लांब सुया शेजारच्या सिंधुबाईंना, त्यांच्या गोधडीचा टाका माझ्याहून सरस. पिंजायची कमान मशिदीच्या खोलीत टांगावी. कयामतला डोंगर पिंजलेल्या लोकरीसारखे उडतील म्हणतात. तेवढा देखावा आम्हा पिंजाऱ्यांना ओळखीचा वाटेल.

४) देवरामने १९९५ साली माझ्या गादीला भरबाजारात दगड म्हटलं. माफ केलं. त्याच गादीवर तो अजून घोरतो, हेही नोंदवतो. वाचल्यावर म्हणाला, "गुलाबभाई, सही करतो, पण चौथं कलम खोडा." खोडलं नाही.

५) मला साध्या कफनात न्यावं. जन्मभर लोकांना मऊ निजवलं आणि स्वतः पहाटेच्या अजानला उठलो, मातीची सवय आहे.

ठिकाण घोटी, ता. १२ ऑक्टोबर २००३

सही: गुलाब चांदभाई पिंजारी
साक्षीदार: १) देवराम खंडेराव जाधव २) रज्जाक इमाम तांबोळी

ता. क. हलिमा, खोलीला चुना दिला आहे. किल्ली पाकिटात आहे. रमजानच्या आत ये आणि आपल्या हाताने कुलूप उघड, त्याशिवाय माझ्यावरचा बोजा उतरत नाही. घेतली, एवढं कुणाकडून तरी लिहून घेऊन लवकर उत्तर धाड, फोनवर नको. आणि "भाऊ, मला काही नको" असं लिहू नकोस. ते तू तेव्हाही म्हणाली होतीस, आणि मी लगेच ऐकलं होतं.