टेबल धरायला कोण?

मंगळवार, १० फेब्रुवारी
पुण्याच्या हेड ऑफिसचे तिघे परवा येणार. क्रेनच्या ब्रेकची चाचणी बघायला. चाचणी माझी, महिनाभराची. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, स्लाइड्सबद्दल विचारतील.
"चांगलं झणझणीत सावजी जेवण कुठे मिळतं? तू इथलीच ना."
निखिलही इथलाच. माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतो. त्याला हे कधी विचारत नाहीत.
बेसा रोडवरचं काकूंचं भोजनालय सुचवलं. पाहुण्यांना तिखट किती चालतं, ते विचारलं. "खातात गं सगळं." हे उत्तर नाही.

बुधवार, ११
भोजनालयात फोन केला. टेबल राखून ठेवत नाहीत. काकू म्हणाल्या, "जागा पायजे तं मानूस आणून बसव. रिकाम्या खुर्चीले मी पाहुना समजत नाई."
साहेबांना तसंच कळवलं. रात्री आईला सांगितलं, तर म्हणे, "बाहेरच्याले जेवाले नेनं म्हंजे मान असते वं." असेल. चाचणी दाखवण्याचा मान वेगळा, हे तिला कसं समजावू…

गुरुवार, १२
साहेब, पाहुण्यांसमोर: "तू पुढे हो, टेबल धर. प्रेझेंटेशन निखिल करेल. स्लाइड्स तर तयारच आहेत."
पाहुणे होते म्हणून बोलले नाही. नसते तरी बोलले असते का, माहीत नाही.
भोजनालय भरलेलं. एका खुर्चीवर हेल्मेट, एकीवर बॅग, एकीवर ओढणी. बाकीच्यांवर नुसता हात. लोक माझ्याकडे बघत उभे.
"काहून एकटीच बसून राहिली वं? पाहुने पयाले का?"
"मीटिंगमध्ये आहेत, काकू."
"अन् तू?"
बॅग पुढच्या खुर्चीवर सरकवली.
पावणेदोनला आले. पुण्याचे जोशी, तिघांतले मोठे: "निखिलने छान समजावलं. म्हणजे ब्रेक पूर्ण भाराला पास."
पास! थंड असताना पास. गरम झाला की लटकलेला भार खाली सरकतो. हळू, पण सरकतो. खाली माणसं काम करतात. मी म्हटलं, "गरम ब्रेकच्या चाचणीत—"
"अगं, जेवताना काम नको," साहेब. "आधी सांग, बेसनाची पाटोडी घ्यायची की मटण?"
निखिल ताटात बघत होता. जोशींनी रस्सा चाखला, डोळ्यांत पाणी. साखर मागितली. काकू: "साखर चहात असते, सायेब." सगळे हसले. मी नाही.

शुक्रवार, १३
निखिलला गाठलं. गरम चाचणी का दाखवली नाही?
"साहेब म्हणाले, शेवटच्या स्लाइड्स सोडून दे. उशीर होऊन राहिला, ती तिकडे टेबल धरून बसली आहे."
म्हणजे मी धरलेल्या टेबलासाठी माझी चाचणी छाटली. दिवसभर एवढंच डोक्यात. बोलताना आवाज चढवला नाही.
साहेबांना निष्कर्ष मेल केले. पोच नाही.

मंगळवार, १७
जोशींचा थेट मला फोन. सोमवारी मोठी टीम येते आहे, ब्रेकला मंजुरी द्यायला. दोघं शाकाहारी. "कुठे नेणार? तुमची निवड झकास होती, जीभ अजून आठवण काढते."
म्हटलं, "ब्रेक गरम झाल्यावर भार धरत नाही. ते तुम्हाला दाखवलं गेलं नाही. मंजुरीआधी मला अर्धा तास द्या. जेवणाचं निखिलला विचारा."
"तुमच्या साहेबांशी बोलतो."
लगेच केबिनमध्ये बोलावणं. साहेब रागात पक्के नागपुरी होतात. "डायरेक्ट पुण्याले सांगाले तुले कोन म्हटलं?"
"त्यांनीच फोन केला, सर."
"जेवनाचं विचारलं होतं त्यानं!"
होय. मला दुसरं काही कोणी विचारतच नाही.

बुधवार, १८
सोमवारचा कार्यक्रम आला. ब्रेक चाचणी अकराला. सादर कोण करणार, ती जागा कोरी. जेवणापुढेही कुणाचं नाव नाही. साहेब दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. जोशींकडूनही काही नाही.
निखिल हळूच म्हणाला, "मले वाटते, तुलेच पाठवतील पुन्हा टेबल धराले. तू सोमवारी काय करून राहिली?"
"शॉपफ्लोअरवर असेन."
चाचणीचं वजन आजच बांधून घेतलं. खालची जागा दोर लावून बंद केली. सोमवारी सकाळी आल्याबरोबर वजन वरखाली करत ब्रेक तापवायला घेणार. अकराला तो गरम असेल, वजन लटकलेलं असेल. ज्यांना बघायचं आहे त्यांनी जेवायच्या आधी यावं.