चार पिंपं पाणी

मेहेकरी, ता. नगर
१४ मार्च १९७३

तीर्थस्वरूप दादास,

पुष्पाचा नमस्कार. आम्ही सगळे ठीक. केशरवहिनीची कंबर कशी आहे? आत्याबाईंचा हात जरा दुखावलाय, गाडीच्या पायरीवरून घसरल्या. बाकी नवं काही नाही.

इथला आमचा सिनेमाचा तंबू उतरवला. दुष्काळी कामाचा पगार झाला की माणसं तिकीट काढतात, नाही झाला तर कनातीबाहेर बसून नुसतं ऐकतात. ह्यांना त्यांचा राग येतो, मला येत नाही. परवा शुक्रवारी करंजीचा घाट उतरून मढीच्या यात्रेला जायचंय.

दादा, सहज विचारते. आपल्या ट्रकला ट्रॉली जोडून घाट उतरायचा तर वजन किती चालतं? मिलिटरीच्या लिलावातला हा ट्रक तूच घेऊन दिलास, फळ्या ठोकून आमचं बिऱ्हाडही तूच बसवलंस. तेव्हा ह्यांना म्हणाला होतास, "इंजिन किती वढतंय ते बघू नका दाजी, बिरेक किती धरतोय ते बघा. ट्रालीला सोताचा बिरेक न्हाई." त्यावरून तुमची जी जुंपली, ती वर्ष झालं तरी मिटेना. दोघेही हट्टाला सारखेच.

ह्यांनी वजन केलं नाही असं नाही. सगळं सामान भरून, वाट वाकडी करून कारखान्याच्या काट्यावर गाडी घातली. काटेवाला म्हणाला, वजनात बसतंय. तेव्हापासून ह्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत. पण काट्यावर गाडी चढवताना आम्ही सगळे खाली उतरलो होतो. आत्याबाईंना तर बाजेसकट खाली ठेवलं. आणि पिंपं रिकामी होती. यात्रेत पाणी मिळायचं नाही म्हणून घेतलेली ती चार मोठी पिंपं काल एका विहिरीवर काठोकाठ भरून ट्रॉलीत जनरेटरशेजारी बांधली.

मी म्हटलं, "अवो, ह्ये तर धरलंच न्हाई वजनात."

तर म्हणतात, "वजन गाडीचं करत्यात. घरात मानसं किती अन् पानी किती, ह्ये कुनी काट्यावर मांडतं व्हय?"

दादा, आता खरं लिहिते. आत्याबाई पायरीवरून घसरल्या नाहीत. इथे येताना ओढ्याच्या उतारावर ट्रॉलीने मागून रेटलं. ह्यांनी ब्रेक दाबून धरला तरी गाडी चालतच राहिली, बांध ओलांडून बाभळीत घुसली तेव्हा थांबली. आत्याबाईंचं मनगट मोडलं. धाकटी माझ्या मांडीवर होती. आणि तेव्हा पिंपांत थेंबभर पाणी नव्हतं. शेवगावला तुमच्यापर्यंत हे कळता कामा नये, असं ह्यांनी सगळ्यांना बजावलंय. तंबूच्या माणसांना ओरडून सांगितलं, "म्याच मुद्दाम गाडी शेतात घातली." ह्यांना भीती वाटली की आवाज चढतो, हे मला लग्नापासून ठाऊक आहे.

काल म्हणाले, "ज्याला भ्या वाटतंय त्यानं यष्टीनं जावं." मला वाटतंय भ्या. पण आत्याबाई म्हणतात, "म्या लेकाच्या गाडीतून उतरायची न्हाई." त्यांना आणि ह्यांना घाटावर सोडून पोरी घेऊन एसटीत बसणं माझ्याने होणार नाही.

म्हणून एक ठरवलंय. घाटाच्या तोंडाशी गाडी थांबते. तिथे खडी फोडणाऱ्या बाया आहेत. त्यांना हंडे-कळशा घेऊन तयार राहायला मी निरोप दिलाय. चारही पिंपं वाटून टाकणार. यंदाच्या साली पाणी ओतून द्यायचं माझ्याने झालं नसतं, पण द्यायला काय हरकत आहे? बाईच्या डोक्यावरचा हंडा हे उतरवून घेणार नाहीत, एवढं ओळखते मी त्यांना. मग यात्राभर मला काय बोलायचं ते बोलोत.

तरी ट्रॉली उरतेच. तू ये. ह्यांनी बोलावलं नाही म्हणून अडून बसू नकोस. ते बोलावणार नाहीत, पण तू आलास तर हाकलणारही नाहीत. आणि वरपर्यंत येणं जमलं नाही, तर निदान खाली करंजीत रस्त्याला उभा राहा. उतरताना आपलं माणूस खाली आहे, एवढं मला दिसू दे.

गाडीतच बसणारी,
तुझी पुष्पा