झोयाबाईंची पत्रे आणि माझा अंगठा

कारखाना वसाहत, ता. कोपरगाव
४ फेब्रुवारी १९७२

तीर्थस्वरूप आक्काच्या चरणी धाकट्या मच्छिंद्रचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार उजव्या अंगठ्यावर भार न देता घातला आहे, सांभाळून घे.) दाजींनाही नमस्कार. हे पत्र तुला तेच वाचून दाखवतील म्हणून त्यांना विनंती की, कंसातला मजकूर आधी मनात वाचावा आणि मग मोठ्याने वाचायचा की नाही ते ठरवावे. तुझी तब्येत कशी आहे? दाजींचा खोकला उतरला का? दरवेळी मी 'इकडे सर्व खुशाल' असे लिहितो. या वेळी 'सर्व' लिहिले होते, ते खोडले आहे. मागच्या आठवड्यात तुमच्याकडचा छगन तोडणीच्या टोळीबरोबर इथे आला आणि माझा पाय प्लास्टरमध्ये पाहून गेला. त्याने कर्जतला जाऊन काय सांगितले असेल या विचाराने माझी झोप उडाली आहे, म्हणून घडले ते मीच लिहितो. आक्का, तुला धक्का बसेल. मला तर वर्षभर बसतच आहेत.

आमच्या वसाहतीच्या वाचनालयात रशियाचे एक मराठी मासिक येते. कागद इतका गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. वाचायला ते कोणी नेत नाही, वह्यांना कव्हरे घालायला नेतात. गेल्या मार्चमध्ये मीही त्याचसाठी नेले आणि मधल्या पानावर अडकलो. त्या पानावर झोया अर्काद्येव्हना लुगोवाया या बाईंचा फोटो होता. त्या लेनिनग्राडला बॅले नावाचा नाच करतात. (दाजी, पोशाख कसा होता असे आक्काने विचारले तर 'पांढरा होता' एवढेच सांगा.) तुला ठाऊक आहे की मी अकरा वर्षे कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून आहे. भरली गाडी किती, रिकामी किती, हे मी हल्ली काट्याकडे न बघताही सांगतो. उसाची गाडी दोन चाकांवर उभी असते, तरी तिचा आख मोडतो. आणि इथे अख्खी बाई एका पायाच्या अंगठ्याच्या टोकावर उभी, दुसरा पाय मागे आडवा, आणि चेहरा असा शांत की जणू पाहुण्यांची वाट बघत ओट्यावर बसली आहे. हे वजन जाते कुठे? दोन दिवस काट्यावर माझे लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी मी मासिकाच्या पत्त्यावर त्या बाईंना पत्र लिहिले.

तुझ्यापासून काय लपवायचे? पत्र चार पानी होते आणि त्यातली तीन पाने बाईंच्या पायांवर होती. वाईट हेतू मुळीच नव्हता. टाच कशी आहे, घोटा कसा आहे, अंगठा दुखत असेल का, रात्री कोणी चेपून देते का, अशी आपली माणुसकीची चौकशी. शेवटी त्यांचे वजन विचारले, कारण ते विचारल्याशिवाय माझे पत्र पुरे होत नाही. मी मराठीत लिहिले, कारण मला दुसरी भाषा येत नाही, आणि तिकडे हे कोण वाचणार या भरवशावर जरा मोकळेपणाने लिहिले. माणूस देवाला नवस बोलतो तेव्हा देव उलट टपाली उत्तर पाठवेल असे थोडेच त्याच्या मनात असते?

जुलैमध्ये उत्तर आले. आमचे पोस्टमन लालमहंमद हे फार सज्जन गृहस्थ. एरवी माझी पत्रे ते काट्यावरच आणून देतात. हे मात्र त्यांनी घरी नेऊन दिले. नंतर मला म्हणाले, "भाऊसाहेब, परदेशाचं पाकीट. कारखान्यात दिलं असतं तर चार लोकांनी चौकशी केली असती. म्हणून गुपचूप वहिनींच्या हातात दिलं." मी त्यांचे आभार मानले. दुसरे काय करणार? वहिनी, म्हणजे आमची रतनबाई, त्या वेळी दारात शेजारच्या लंकाबाईबरोबर डाळ निवडत होती. ती चौथी शिकलेली आहे हे तुला माहीतच आहे. पाकीट रशियाचे असले तरी आतले अक्षर मराठी होते. आक्का, तिथे मराठी शिकलेली एक बाई आहे, तिने माझे पत्र झोयाबाईंना वाचून दाखवले आणि त्यांचे उत्तर शुद्ध मराठीत उतरवून दिले. रतनबाईने ते लंकाबाईसमोर मोठ्याने वाचले. 'सन्माननीय मच्छिंद्रराव, आपण माझ्या पायांविषयी लिहिलेली तीन पृष्ठे मी पुनःपुन्हा ऐकली. गेल्या वीस वर्षांत माझ्या पायांची इतक्या आस्थेने चौकशी कोणीही केली नव्हती. माझे वजन अठ्ठेचाळीस किलो आहे. आपल्या पत्नीचे किती?' आणि खाली त्या भाषांतरवाल्या बाईंची टीप : 'पाऊल या शब्दातील ऊ दीर्घ असतो.' (हे वाचा दाजी, यात लाजण्यासारखे काही नाही. माझी शुद्धलेखनाची बाजू पहिल्यापासूनच लंगडी.)

मी संध्याकाळी घरी आलो तर लंकाबाई मला पाहून घाईने आत गेली. रतनबाईने भाकरी वाढली. ती भांडली असती तर मला सोपे गेले असते. माझे जेवण होईपर्यंत ती थांबली. मग उंबऱ्यावर बसली, दोन्ही पाय लांब केले आणि म्हणाली, "हे बगा." मी बघितले. आक्का, तिच्या दोन्ही टाचा उन्हाळ्यातल्या रानासारख्या फाटल्या होत्या. एका भेगेत सुकलेले रक्त होते. लग्नाला बावीस वर्षे झाली आणि मी ते पाय त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

"ह्या भेगंत उसाची कांडी लावली तर उगवंल," ती म्हणाली. "तीन पानं ऱ्हाऊ द्या. कदी एक वळ लिवली का?"

मी म्हटले, "अगं, ती बाई कलावंत आहे."

"आसंल. माजं वजन किती हाय, सांगा."

मला सांगता येईना. पंचक्रोशीतल्या बैलगाड्यांची वजने तोंडपाठ असलेला मनुष्य मी, आणि मला ते सांगता येईना. ती उठून भांडी घासायला गेली.

पुढचा धक्का असा की तिने स्वतः झोयाबाईंना पत्र लिहिले. चार दिवस दुपारी वही घेऊन बसत होती. मी जवळ गेलो की वही मिटायची. ऑक्टोबरात उत्तर आले ते 'सौ. रतनबाई यांस'. त्यात माझा उल्लेख शेवटच्या ओळीत, 'आपल्या यजमानांस नमस्कार' एवढाच. ते पत्र तिने मला एकदाच वाचून दाखवले. मासिकात छापले होते की झोयाबाई वाऱ्यासारख्या तरंगतात. रतनबाईला त्यांनी लिहिले होते की अंगठ्यांची नखे दर वर्षी गळून पडतात, नाच संपल्यावर बूट काढताना मोजे रक्ताने चिकटलेले असतात, आणि तशा पायांनी पडद्याबाहेर येऊन हसून मुजरा करावा लागतो. वय अडतीस झाले, हा शेवटचा हंगाम आहे, थिएटरवाल्यांनी जागेवर दुसरी मुलगी बघून ठेवली आहे. हे त्यांनी आपल्या आईलाही सांगितलेले नाही. आमच्या रतनबाईला सांगितले. रतनबाईने पत्राची घडी घातली आणि म्हणाली, "ही तर आपल्यातलीच निगाली."

मग तिने कोपरगावहून कोकमतेलाच्या घट्ट वड्या आणवल्या, भेगांवर ते फार गुणकारी. फडक्यात शिवून पार्सल केले. पत्ता मी लिहिला. (एवढेच काम माझ्या वाट्याला आले.) डिसेंबरात तिकडून पार्सल आले. त्यात झोयाबाईंचे नाचाचे बूट. फिकट गुलाबी रेशमाचे, लांब फिती लावलेले, टोके झिजून कळकटलेली, आणि आत वाळलेला तपकिरी डाग. रतनबाईने ते हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि ट्रंकेत लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवून दिले.

आता अंगठ्याकडे येतो. (दाजी, इथून पुढे आवाज जरा बारीक करा, ओसरीवर कोणी असेल.) गेल्या महिन्यातला तिसरा रविवार. गळीत चालू असल्याने मी सकाळची पाळी करून घरी आलो होतो. रतनबाई हळदीकुंकवाला गेली होती. मी ट्रंक उघडली. माझा उद्देश शास्त्रीय होता. बुटाच्या टोकात असे काय आहे की ते अख्खे माणूस पेलते, एवढेच पाहायचे होते. माझे पाऊल (दीर्घ) निम्मेच आत गेले. फिती घोट्याला गुंडाळल्या, खांबाला धरून वर चढलो आणि, आक्का, खरे सांगतो, क्षणभर मी उभा होतो. सगळा भार त्या एका जागी आला आणि मला त्या बाईंचे सगळे कळले. मग मी खांब सोडला.

ठेचाळलेल्या बैलासारखा मी आडवा झालो. बूट कसेबसे काढून ट्रंकेत टाकले आणि मग ओरडलो. लोक धावत आले. काय झाले विचारू लागले. माझ्या तोंडून 'गाडी' एवढाच शब्द गेला. बाकीचे वाक्य लोकांनीच पूर्ण केले. काट्यावर उसाच्या गाडीचे चाक पायावरून गेले, तशाच पायाने बिचारे पाळी संपवून घरी आले, अशी माझी कीर्ती सायंकाळपर्यंत झाली. डॉक्टरांनी अंगठा मोडल्याचे सांगून प्लास्टर घातले, मीही गप्प राहिलो.

तिसऱ्या दिवशी पुणतांब्याचा बन्सी दारात आला. हातात नारळ, काखेत कोंबडी, डोळे खाली. त्या दिवशी माझ्या पाळीतली शेवटची गाडी त्याची होती. कार्यालयाने चौकशी लावून त्याच्या गाडीला आवारात यायची बंदी केली होती. तोडलेला ऊस दोन दिवस गाडीतच वाळत होता, आणि वाळलेला ऊस काट्यावर काय भरतो हे माझ्याइतके कोणाला ठाऊक? त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. म्हणाला, "भाऊसाहेब, बैलं माजी गरीब हायेत. चाक गेलं तवा मला कळलं न्हाई. माजी चूक झाली, पदरात घ्या."

न केलेल्या गुन्ह्याची माफी मागायला माणूस कोंबडी घेऊन आलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मागे रतनबाई उभी होती. तिला कधीच कळले होते, बुटाची एक फीत फाटली होती. ती एवढेच म्हणाली, "सांगा त्यास्नी."

मी सांगितले. त्याला 'बॅले' समजेना, तेव्हा फोटो दाखवला. तो बराच वेळ फोटोकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मला त्याच गाडीत उसावर बसवून फाटकापर्यंत आणि तिथून हाताला धरून कार्यालयात नेले. शेतकी अधिकाऱ्यांसमोर मी उभा राहिलो आणि म्हणालो की साहेब, गाडीचा काही दोष नाही, माझा अंगठा नाचताना मोडला. साहेबांनी पेन खाली ठेवले. खोलीतले टाइपरायटर थांबले. "कसला नाच?" त्यांनी विचारले. मी म्हटले, रशियन. साहेबांनी दोन वेळा चष्मा पुसला आणि कागदावर 'कारण : घरगुती' असे लिहिले. बन्सीचा ऊस त्याच दुपारी काट्यावर गेला. मला घरी सोडताना तो म्हणाला, "भाऊसाहेब, आसलं एकट्यानं करू नये. धराया मानूस लागतंच की." आता सगळ्या तालुक्याला ही गोष्ट माहीत आहे. परवा कारखान्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला पुढचा प्रयोग कुठे आहे असे गंभीरपणे विचारले.

तेव्हा छगनने काही सांगितले असेल तर ते खरे आहे, आणि कमीच आहे. धाकट्यावर रागावू नकोस. लहानांना आशीर्वाद, गोठ्यातल्यांच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरव.

तुझा
मच्छिंद्र

ता. क. : एक सांगायचे राहिले. झोयाबाईंचा नाचाचा ताफा या महिन्याच्या सत्तावीस तारखेला मुंबईत येत आहे. त्यांचा हा शेवटचा दौरा. त्यांनी रतनबाईला पास पाठवले आहेत, एक तिचा आणि एक सोबतीचा. पाकीट तिने माझ्या हातात दिले नाही, लांबूनच वाचून दाखवले. सोबतीला ती तुला नेणार म्हणते. मला धक्का बसला.

ता. क. दुसरा : आक्का, एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो होतो. तू नाही म्हण. ज्वारीची काढणी आहे असे कळव. प्लास्टर वीस तारखेला निघते. मी मागे कुठेतरी बसेन, बाईंशी एक शब्द बोलणार नाही. पण ते अंगठ्यावर उभे राहणे एकदा प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आणि ही मागणी मी केली हे रतनबाईला कळू देऊ नकोस.

वन्स, नमस्कार. पत्र टपालात टाकायला माज्याकडं दिलंय, म्हनून खाली लिवते. ज्वारीचं कारन सांगू नका, यायचंच हाय. पास तीन हायेत. बाईनं पयल्यापास्नं तीनच धाडल्यात, ह्यांचं नाव घालून. ह्यास्नी मी दोनच सांगितल्यात. आजून आठ दिस तसंच ऱ्हाऊ द्या. तुमी 'येते' म्हनून लगेच लिवा आन दाजींस्नी म्हनावं अक्षर मोठं काडा, म्हंजी ह्यास्नी बिनचष्म्याचं वाचता येईल.

तुमची रतन