शंभरातले दोन

३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. शेजारच्या मास्तरीणबाईंनी पेपर वाचून दाखवला. कुठल्याशा कंपनीने कर्जरोख्यांचे पैसे बुडवले, म्हणून रोखे घेणाऱ्या फंडांतून लोक पैसे काढताहेत. तुमच्या फंडाचंही नाव होतं. माझे डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे तिथेच, आणि तारीख वीस. बाईंचेही तिथेच आहेत; त्या म्हणतात, मी हलवणार नाही. मी काय करू? रोखे विकतोस तू, तुला ठाऊक असणार. वेळेवर जेव. माया आहेच, उत्तरही येऊ दे.
ताई

७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. काढ किंवा ठेव, दोन्ही मला सांगता येत नाही. बाहेर न सांगितलेलं बहिणीला सांगितलं तर नोकरी जाईल, आणि जायलाच हवी. सगळ्यांना माहीत आहे तेवढं सांगतो. पैसे आम्ही मागाल त्या दिवशी देतो. ते रोख्यांत गुंतलेले असतात तीन-चार वर्षांसाठी. मधेच लागले तर रोखा विकायचा. आपल्या आबांच्या फर्निचरच्या दुकानातल्या विकाऊ कपाटासारखं: किंमत चिठ्ठीवर असते, गिऱ्हाईक दारात असतंच असं नाही. डोळ्याकडे बघ, माझ्याकडे नको. रागावलीस तरी लोभ ठेव.
धाकटा

१४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. नऊ तारखेला काढले. रांगेत वाटत होतं, तुझ्याच ताटातलं ओढून घेतेय. शंभरामागे दोन कापले. फलकावर लिहिलं होतं, रोखे आज ज्या भावाने विकले जातील त्याच भावाने निघणाऱ्याला पैसे मिळतील. पुढच्या गृहस्थांनी ही अक्कल ज्याची त्याला शिवी दिली. मीही एक जोडली, खिळा वाकला की आबा द्यायचे ती. ऑपरेशनपुरते पुरतात, भिंग साधं बसवीन. तुझी नोकरी आहे ना, एवढं कळव. जीव टांगणीला आहे.
ताई

१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नोकरी आहे. ती अक्कल माझी. फंडाने आता सगळं छापून कळवलंय, म्हणून लिहितो. आठवडाभर फोन फिरवले. घेणारे फक्त चांगले रोखे मागत. साहेबांचं मत, तेच विकू आणि निघणाऱ्यांना पुरते पैसे देऊ. मग राहणाऱ्यांच्या गळ्यात नुसता गाळ. आठव, आबा सहा खुर्च्यांतल्या चार सरळ तेवढ्या कुणाला देत नसत; डुगडुगतीही घ्यावी लागे, तिच्या किमतीत. मी म्हटलं, प्रत्येकातलं थोडं थोडं विकू, मिळेल त्या भावाने. साहेब तासाभराने हो म्हणाले. आधी पळण्यात फायदा उरला नाही, तशी पाचव्या दिवशी रांग विरळ झाली. काल रोखे घ्यायला एका गिऱ्हाइकाने आपणहून फोन केला. हे ठरवताना तू राहणाऱ्यांत आहेस असं मी धरून चाललो होतो. चांगल्या भिंगाचा फरक पाठवतो. माझ्यावरचा लोभ एवढ्यात काढू नकोस.
धाकटा

२५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. पट्टी दुसऱ्याच दिवशी निघाली. आधीची अंदाजाने लिहिली, हे पत्र माझ्या डोळ्यांनी लिहितेय, ओळी सरळ आहेत का बघ. फरक पाठवू नकोस. साध्या भिंगातून बाईंच्या खिडकीतली कुंडी दिसते, मातीतली काडीसुद्धा. त्यांचे पैसे शाबूत आहेत. माझे शंभरातले दोन तुम्हा राहणाऱ्यांकडे राहिले, असं त्यांना ऐकवलं. तेव्हापासून पेपर रोज त्याच आणून देतात, वाचून मात्र दाखवत नाहीत, म्हणतात आता तुम्हीच वाचा. माया होती तेवढी आहे, थोडी जास्तच. शिवी मागे घेते. कापलेलं मागत नाही.
ताई