दहा अधिक सात

गुरुजी, तुमची नाशिकची एसटी फाट्यावरून सव्वाचारला सुटायची. शाळा पाचला. चार ते पाच हा तास आम्हा चौघांचा होता, निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीचा. वेळापत्रकात तो तुम्हीच लाल शाईने लिहिला होता.

भिंतीवरचं घड्याळ काढून तुम्ही मांडीवर घ्यायचात आणि काटे फिरवत कोडी घालायचात. "अकरा अधिक तीन, दोन. कसे?" आम्ही बोटांवर तास मोजायचो. बारा संपले की पुन्हा एक, हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा घरी पोचेपर्यंत मला हसू येत होतं. शेवटचं कोडं मात्र रोज तेच. "दहा अधिक सात?" "पाच!" "पाच वाजले की! मग बसलात काय?" काटे पाचावर ठेवलेलं घड्याळ पुन्हा खिळ्यावर. पोरं ओरडत पळतायत आणि तुम्ही पिशवी उचलून फाट्याकडे निघालायत. एकदा मी म्हटलं, "गुरुजी, दहा अधिक सात सतरा." "लय शहाणी! घड्याळात सतरा दाखव बघू." सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून घंटा द्यायचा मान तुम्ही मला दिलात आणि मी गप्प झाले.

परीक्षेत निम्म्याहून जास्त गणितं अपूर्णांकांची होती. तिथवर आपण पोचलोच नव्हतो. चौघंही राहिलो. आई तुम्हाला विचारायला आली तेव्हा मी दाराशी उभी होते. तुम्ही म्हणालात, "पोरगी गणितात कच्ची आहे, बाई. उगाच आशा लावू नका." त्या हंगामात आईने मला दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला नेलं. पुन्हा शाळेत बसायला मला दोन वर्षं लागली. मी आठवीत असताना तुम्ही गेलात.

यंदा मी पदवीधर झाले, तेही गणितात. घरातली पहिलीच. आईने पेढ्यांचा पुडा हातात दिला. "गुरुजींच्या घरी दिऊन ये. मानूस गेला, पन खोटं कधी बोलला नाय. कच्ची म्हनले, म्हनून तर तू एवढी घासलीस." मी कच्ची नव्हते, आई, तेव्हा चारच वाजले होते. हे ओठांपर्यंत आलं आणि मी पुडा घेतला. तुमच्या नाशिकच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरले. पेढे हॉस्टेलच्या मुलींनी खाल्ले. आईला सांगितलं, दिले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी बाईंनी विचारलं होतं, बाराने भागलं तर सतरा आणि पाच सारखेच कसे? वर्गात माझा एकटीचाच हात वर गेला. "कुणी शिकवलं गं तुला?" बाईंनी विचारलं. मी उभी राहून तुमचं नाव सांगितलं, मोठ्याने. ते परत घ्यावंसं मला अजूनही वाटत नाही.