कागदावर बाबांचा खोकला

सैनिकी रुग्णालय, वॉर्ड चार
१२ फेब्रुवारी २००१

करुणा,
तुला जय भीम, लेकरांना मुके.

हे पत्र नेहमीसारखं ओट्यावर बसून सगळ्यांना वाचून दाखवू नको. चुलीपाशी एकटीच वाच.

माझं बरं हाय. जेवण बराबर मिळून राहिलं. फक्त जिना चढलो की दम लागतो, म्हणून मला फौजेतून घरी पाठवायचं का, ते सोमवारी मेडिकल बोर्ड ठरवणार. पाठवू दे. राग त्याचा न्हाई.

परवा डॉक्टर साहेबानं विचारलं, "घरी कोणाला दमा आहे का?" मला वाटलं, माणूस आपुलकीनं घरची खुशाली विचारून राहिला. मी येड्यावानी सांगून बसलो, बाबा दिवसभर खोकतात म्हणून. आज कागद पाहिला तर त्यावर लिहिलेलं: आजार घराण्यातला, नोकरीशी संबंध नाही. म्हणजे आजाराची पेन्शनबी मिळायची न्हाई.

अगं, बाबांनी कुरुंद्यात हळद घासायच्या ढोलापाशी वीस वरसं धूळ खाल्ली! अन् मी दोन हिवाळे बर्फात, तंबूत रॉकेलचा धूर गिळत काढले. भरतीच्या वेळी या फौजेच्या डॉक्टरांनीच माझी छाती फुगवून, मोजून घेतली होती. तवा घराणं कुठं गेलं होतं? सोमवारी हे बोर्डाच्या तोंडावर बोलणार हाय. कोण गप करतो ते पाहतो.

बाबांना औषध देतेस ना? हळदीच्या कामावर जाऊ देऊ नको.

अन् त्यांनी विचारलं तर सांग, पोराला बर्फानं झालं. त्यांचा खोकला माझ्या कागदावर चढला हे कळलं, तर मी घरी आल्यावर ते माझ्यासमोर खोकायचंही बंद करतील.

तुझाच,
संघपाल