रूपरावांची रायफल

कारंजा (घाडगे), दि. ६ जानेवारी २०२५

ती. प्रभाकरदादास,
जयाचा शि. सा. न. वि. वि.

शेतीसंरक्षणाचा परवाना एकदाचा आला. हरभरा घाट्यांवर येताच रानडुकरांनी अर्धा लोळवला, तेव्हा यांना आता बोल्टची रायफल घ्यायची आहे. स्वस्तातली, जुनी असली तरी चालेल. तू सव्वीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात काढलीस, म्हणून निवड तुझ्यावर सोपवली आहे. म्हणतात, साळा फुकटचा मिस्त्री आहे, त्याले कामाले नाई लावला तं काय उपयोग!

पत्र अशासाठी, की फोन घरात एकच आणि हे तो स्पीकरवर ठेवतात. पत्र मात्र मलाच वाचायला लावतात. यांना दिसत नाही, दादा. साखरेनं डोळ्यांचा पडदा गेलाय, गेलेली नजर परत येणार नाही. हे कोणाला सांगू देत नाहीत. परवान्यासाठीचा दाखलाही ओळखीतून, न तपासताच मिळाला.

परवा सकाळी चहा घेऊन शेतात गेले. डुकरं बुजावीत म्हणून बांधावर जुन्या साड्या बांधल्यात. त्यातल्या माझ्या चॉकलेटी साडीवर हे रागावत होते, की इतका उशीर काऊन झाला, आण तो चहा इकडे. मी मागेच उभी होते. आधी हसू आलं, मग भीती वाटली. साडीला जया समजणारा माणूस उद्या जयाला डुक्कर समजला तर?

काहीतरी कर. शोभावहिनींना नमस्कार. माया आहेच, ती राहू दे.

तुझी,
जया

सिंदी मेघे, दि. १३ जानेवारी

चि. सौ. जयास अ. उ. आ.

हे पान रूपरावांना वाचून दाखव. जुनी रायफल घेताना बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा दांडा, मागेपुढे ओढून पाहावा, डुगडुगला तर नको. नळी उजेडाकडे धरून आत पाहावं. आतल्या आट्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, झिजल्या असतील तर ती स्वस्तातही महागच. बंदुकीचे छर्रे थोड्या अंतरावर पडतात, रायफलीची गोळी मात्र चुकली तर मैलभर जाते. आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय खटक्याला बोट लावू नये.

हे दुसरं पान तुझं. शनिवारी त्यांना नागपूरच्या दुकानात नेतो आणि प्रत्येक रायफलीत खोट काढतो. तुझी वहिनी म्हणते, ते तुम्हाला शिकवायला नको, तीस वर्षं माझ्या भाजीत काढताच आहात.

घाबरू नकोस. कळावे.

तुझा,
दादा

कारंजा (घाडगे), दि. २१ जानेवारी

ती. दादास सा. न.

तुझं खोट काढणं उलटलं. तू पाच रायफली नाकारल्यास आणि हे घरी येऊन म्हणाले, तुहा दादा बुढा झाला, त्याले बोल्टातलं काही समजून नाई राह्यलं. येत्या सोमवारी शेजारच्या नत्थूजींना घेऊन जाणार आणि तू नाकारलेली तिसरी रायफल आणणार. लवकर लिही.

जया

सिंदी मेघे, दि. २३ जानेवारी

चि. जयास आशीर्वाद.

तिसरी रायफल उत्तम होती. रूपरावांनी तिची नळी भिंतीकडे धरली आणि म्हणाले, आट्या चकचकीत आहेत. दुकानदारानं मान फिरवली. मीही फिरवली. शस्त्रागारात असं कोणी केलं असतं तर मी त्याच्या हातातून हत्यार काढून घेतलं असतं. इथे नातं आडवं आलं. चूक माझी.

आता तूच त्यांना स्पष्ट सांग, की या नजरेनं रायफल नको. रागावले तर सगळं माझ्यावर ढकल.

दादा

कारंजा (घाडगे), दि. ३० जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

रविवारी सांगितलं. हे तुरीच्या शेंगा सोलत होते. साडीचंही सांगितलं. बराच वेळ सोलत राहिले. मग म्हणाले, मले वाटलं तू रुसली, म्हणून बोलून नाई राह्यली. त्यावर मला रडूच आलं. सोमवारी नत्थूजी आले, त्यांना यांनी दारातूनच परत पाठवलं.

मला वाटलं, सुटले. तर काल हे नवा फॉर्म घेऊन आले. परवाना माझ्या नावानं काढायचा. म्हणतात, तुहे डोळे चांगले आहेत, नेम मी शिकवतो, तुह्या दादाले म्हणा हलकी रायफल पाह्यजो. सातबाऱ्यावर माझं नाव चढवायला यांना वीस वर्षं वेळ मिळाला नाही. सही अजून केलेली नाही.

संध्याकाळी दोघं बांधावर बसलो होतो. हरभऱ्यात डुकरीण शिरली. मला स्पष्ट दिसली, आणि तिच्या मागची सहा पिल्लंही. यांना नुसता आवाज आला. मान वर करून विचारत राहिले, किती आहेत, कुठे आहेत.

मी सांगितलं, काही नाही, वारा आहे.

रागावू नकोस. जशी आहे तशीच,
तुझी जया